बंद केल्यावरची धडधड

८ नोव्हेंबर १९५३, रविवार

दादाची मोटार किल्ली फिरवल्यावरही थांबत नाही. दिवाळीच्या सुट्टीत रोज संध्याकाळी ऐकते आहे. दादा अंगणात गाडी लावतो, किल्ली काढून खिशात टाकतो, आणि इंजिन आपलं चालूच. धड धड धड, मध्येच एक दणका, सगळी गाडी हादरते, पुन्हा धड धड. मिनिटभराने आचके दिल्यासारखं करून गप्प होतं. दादा बॉनेटवर लाथ मारतो.

ही मोटार बाबांची. बाबा गेले तेव्हा दादाने मॅट्रिक सोडलं आणि तिच्यावर सोपारा स्टेशनच्या फेऱ्या मारल्या. आत माणसं, टपावर केळीचे घड. माझी चार वर्षं मुंबईच्या वसतिगृहात त्या फेऱ्यांवर निघाली. घरातली पहिली पदवीधर, तीही फिजिक्सची, आणि मला दारातल्या इंजिनाचा आजार कळू नये? मी ठरवलं आहे की हा आवाज मी घालवणार. दादाचं ऋण असं तरी थोडं फिटेल.

शांतावहिनीला सांगितलं तर म्हणाली, "असू दे की वन्सं. आवाजाने काय बिघडतं?" तिच्या कपाळावर मोठं टेंगूळ आहे. माडीच्या जिन्याची चौकट ठेंगणी आहे, असं आई म्हणाली. सुताराला बोलवून चौकट उंच करून घ्यायला हवी.

१२ नोव्हेंबर

शाळा सुरू झाली. आगाशीच्या शाळेत शिकवायला सकाळी जाताना दादाच सोडतो. संध्याकाळी देवळाच्या ओवरीत माझा बायकांचा साक्षरतेचा वर्ग. आज अकरा जणी आल्या. कॅथरिनबाई चर्चच्या वाडीतून मुद्दाम येते, पाटीवर नाव लिहून मोठ्याने हसते. वहिनी एकदाही आलेली नाही. त्या वेळेला दादा घरी येतो, म्हणते. बाईनेच स्वतःची प्रगती नको म्हटलं तर कायदे करून काय उपयोग?

आज वर्गाआधी थांबून आवाज नीट ऐकला. आवाज दोन आहेत. एक टिक् टिक्, तापलेलं लोखंड निवताना होतो तो. तो निरुपद्रवी. दुसरा खरा. ठिणगी बंद झाली तरी आत पेट्रोल आपोआप पेटतं आहे. म्हणजे आत काहीतरी निखाऱ्यासारखं तापून राहतं, किंवा पेट्रोलच नको तेवढं लवकर पेटणारं आहे.

मुलांना या आवाजाची भारी धास्ती. धडधड सुरू झाली की पाच वर्षांचा मधू धाकट्या बेबीचा हात धरून मागल्या दाराने केळीत पळतो. त्यांना आणायला मागोमाग वहिनी, ती थेट कॅथरिनबाईच्या घरापर्यंत. दमून आलेल्या माणसाच्या हाती तांब्याभर पाणी द्यायला घरात कोणी नाही. दादा चिडतो, आणि त्याचं चुकतं असं मला वाटत नाही. म्हणून तर हा आवाज जायलाच हवा.

१५ नोव्हेंबर, रविवार

फर्डिनंड मेस्त्रीला घेऊन इंजिनाचं डोकं उघडलं. आत बोटभर काजळी. दिवसभर खरवडत होतो. माझे हात कोपरापर्यंत काळे. मेस्त्री म्हणाला, आता बाईंना कुणी मागणी घालायचं नाही. दादा खूप हसला. किती दिवसांनी असा हसताना पाहिला.

जुना पंख्याचा पट्टा चिरला होता, तोही बदलला. दादाने जुना टाकू दिला नाही, ओटीवरच्या खुंटीला अडकवून ठेवला.

संध्याकाळी दादाने माझी नेमणूक केली: "दांडी सुमनची, हँडल माझं." स्टिअरिंगखाली ठिणगीची एक छोटी दांडी आहे. सुरू करताना ती वर हवी, गाडी चालू झाली की खाली. खाली असताना पुढून इंजिन फिरवायचं हँडल मारलं तर ते उलटा झटका देतं. स्टेशनवरच्या एका ड्रायव्हरचा हात असाच मोडला होता. आता रोज सकाळी मी आत बसून दांडी वर करायची, मग दादाने हँडल मारायचं.

वहिनी गाडी पुसत होती. तिलाही दांडीचं सगळं समजावलं. तिने कधी नव्हे ते लक्ष देऊन ऐकलं. "हात मोडतो म्हणजे पुरता?" असंही विचारलं. शिकवणाऱ्याला असा विद्यार्थी मिळाला की बरं वाटतं.

१९ नोव्हेंबर

तीन दिवस इंजिन शहाण्यासारखं बंद होत होतं. आज पुन्हा धडधड, पहिल्यापेक्षा जास्त.

वहिनीचा ओठ फाटला आहे. रहाटाचा दांडा लागला म्हणे. सुतार चौकट उंच करून गेला तेव्हा आई ओटीवर बसून त्याच्याकडे बघत होती. म्हणाली, "करून घे. पोरीच्या मनाला बरं वाटेल." वहिनीबद्दलच बोलत असणार.

२२ नोव्हेंबर, रविवार

सापडलं!

टाकीतलं पेट्रोल काडीने काढून कोऱ्या कागदावर एक थेंब टाकला. चांगल्या पेट्रोलचा थेंब उडून जातो, मागे काही राहत नाही. याचा तेलकट डाग राहिला, आणि वास रॉकेलचा. रॉकेल इंजिनात गेलं की ते वेळेआधी पेटतं आणि काजळी धरते. सगळं जुळलं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत सुद्धा इतका आनंद झाला नव्हता.

आई रॉकेल पुरत नाही म्हणून कुरकुरत होती, मी रात्री वाचते म्हणून. मी आजपासून लवकर दिवा मालवते.

दादाला कागद दाखवला. त्याने डागाचा वास घेतला. मग विचारलं, "म्हणजे पंपावर मिसळतात?" मी म्हटलं, दुसरीकडून कुठून येणार?

२४ नोव्हेंबर

दादाने काल स्टेशनजवळ पेट्रोल भरणाऱ्या बर्नार्डला मारलं. मी शाळेत होते. कॅथरिनबाईने वर्गात सगळ्यांसमोर सांगितलं. बर्नार्डने आधी हसून विचारलं की कसलं रॉकेल. दादाने पेट्रोलचा रिकामा डबा उचलून त्याच्या तोंडावर मारला, तो खाली पडल्यावर पुन्हा मारला. समोरचे दोन दात गेले, जबडा सुजला. लोकांनी ओढून बाजूला केलं नसतं तर थांबला नसता, असं ती म्हणाली. पाटीकडे बघत म्हणाली, माझ्याकडे नाही.

मला रात्रभर वाईट वाटत राहिलं. पण भेसळ करून लोकांच्या जिवाशी खेळणाऱ्याला शासन व्हायलाच हवं होतं. हाताने नाही, कायद्याने. दादाशी मी याबद्दल स्पष्ट बोलणार आहे.

२५ नोव्हेंबर

बोलले. तो म्हणाला, "कागद तूच दाखवलास ना?" 

टाकीच्या झाकणाला पितळी कुलूप बसवून घेतलं. आता पेट्रोल दादाच्या डोळ्यांदेखत भरायचं आणि लगेच कुलूप. वहिनी भांडी घासत होती. कुलूप बघून तिच्या हातून कळशी सुटली. "किल्ली कुणाकडे राहणार?" मी म्हटलं, माझ्याकडे. दादा म्हणाला, नको, माझ्याकडे, आणि त्याने ती आपल्या जुडग्यात घातली.

२९ नोव्हेंबर, रविवार

चार दिवस झाले. किल्ली फिरवली की इंजिन जागच्या जागी गप्प. नंतर फक्त टिक् टिक्. कान देऊन ऐकलं तर केळीच्या पानांचा आवाज ऐकू येतो. गाडी कधी आली ते घरात कळतसुद्धा नाही. मुलं आता पळत नाहीत. मी स्वतःवर खूश आहे, हे इथे तरी कबूल करते.

वहिनीचं मात्र लक्ष कुठे नसतं. भात दोनदा करपला. संध्याकाळ झाली की खिडकीशी उभी राहते.

३ डिसेंबर

जत्रेमुळे वर्गाला सुट्टी होती, म्हणून मी घरी होते. माडीवर वह्या तपासत होते. गाडी आल्याचं मला कळलं नाही.

आधी पितळेचं काहीतरी आपटलं. मग दुसराच आवाज, ओला कपडा दगडावर आपटावा तसा, पुन्हा पुन्हा. मी खाली आले. दादाने वहिनीचे केस डाव्या हाताला गुंडाळले होते आणि उजव्या हातात खुंटीवरचा पट्टा होता. मीच बदललेला. तो तिच्या तोंडावर, कानावर, मानेवर मारत होता. ती ओरडत नव्हती. बेबी चुलीमागे बसून दोन्ही हातांनी कान दाबून होती. मधू दाराशी उभा होता आणि त्याची चड्डी ओली झाली होती. आई परसात तुळशीकडे तोंड करून उभी होती. तिने मान वळवली नाही.

मी दादाचा हात धरला. त्याने मला झटकलं, मी भिंतीवर आदळले. तो मारायचा थांबला तो दमला म्हणून. मग पट्टा पुन्हा खुंटीला नीट अडकवला आणि मला म्हणाला, "वर जा, सुमन. हे तुझ्या पुस्तकातलं नाही."

जेवण निवालं होतं, एवढंच.

४ डिसेंबर

वहिनीच्या डाव्या कानातून रक्त येत होतं. आता त्या कानाने ऐकू येत नाही. मी हळद लावत होते तेव्हा ती बोलली. तिचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवते.

"एकदा पेट्रोल समजून रॉकेलचा डबा टाकीत ओतला होता मी. मार बसेल म्हणून कुणाला बोलले नाही. पण त्या संध्याकाळी गाडी बंद होऊन ओरडत राहिली आणि मी पोरं घेऊन मागल्या दाराने निघाले. येईपर्यंत त्यांचा राग उतरला होता. मग मी थोडं थोडं ओतत राहिले. आवाज कुठून येत होता असं वाटलं तुम्हांला?"

 पुढे म्हणाली, "तुम्ही वाईट नाही केलंत. तुम्हांला कुणी सांगितलंच नाही."

सांगितलं होतं. टेंगळाने सांगितलं, ओठाने सांगितलं. मी चौकट उंच केली.

६ डिसेंबर, रविवार

सकाळी हरिभाऊकाकांकडे गेले. बाबांचे थोरले भाऊ, गावात त्यांचा शब्द चालतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पान लावलं आणि म्हणाले की विद्याधर तापट आहे खरा, पण घर त्यानेच उभं ठेवलं, तुझं शिक्षणही. बाईने थोडं सांभाळून घ्यावं. काकूने निघताना माझ्या हाती केळ्यांची फणी दिली.

तिथून बर्नार्डच्या घरी. तो खाटेवर बसून पेज पीत होता. मी सांगितलं की पेट्रोल शुद्ध होतं, माझी तपासणी चुकली. रॉकेल कुठून आलं ते सांगितलं नाही. सांगितलं असतं आणि ते दादाच्या कानी गेलं असतं, तर वहिनी जिवंत राहिली नसती. आयुष्यात प्रथमच अर्धं खरं बोलले. बर्नार्ड फुटक्या तोंडाने म्हणाला, "बाई, हे जाऊन तुमच्या भावाला सांगाल?" मी फणी पुढे केली. त्याच्या आईने माझ्या हातातली फणी घेतली नाही आणि दार लावून घेतलं.

२० डिसेंबर, रविवार

रोज संध्याकाळी वर्ग बंद ठेवून घरी थांबते. माझ्यासमोर तो सहसा मारत नाही. मी विहिरीवर गेले की मारतो. काल कंदिलाची काच फोडून मुठीत धरून तिच्या तोंडासमोर नाचवत होता. मला बघून हसला, काच खाली टाकली.

दादाशी बोलले, आर्जवं केली, रडलेही. एकदा तोही रडला. म्हणाला, "माझ्या हाताला काय होतं मलाच कळत नाही." मी विश्वास ठेवला. दोन दिवस टिकला.

कुलपाची किल्ली त्याच्याचकडे आहे. परवा तो सहज म्हणाला, आता कुलूप असताना गाडी धडधडली तर घरातलंच कुणीतरी. म्हणताना वहिनीकडे बघत होता.

७ जानेवारी १९५४

सकाळी नेहमीप्रमाणे मी आत बसले, दांडी वर केली. मी ती वर केली. हे इथे लिहून ठेवते कारण दुसरीकडे कुठेच लिहिणार नाही. वह्यांची पिशवी घरात राहिली म्हणून आणायला गेले. वहिनी मागची बैठक पुसत होती.

ओटीवर असतानाच दणका ऐकला. हँडल उलटं फिरलं होतं. दादा गाडी धुतलेल्या पाण्याच्या चिखलात गुडघ्यांवर पडला होता. उजवा हात मनगट आणि कोपर यांच्या मधोमध वाकला होता, जिथे हात वाकत नाही तिथे, आणि कातडीतून हाडाचं पांढरं टोक बाहेर आलं होतं. तो गुरासारखा ओरडत होता. मी आत वाकून पाहिलं. दांडी खाली होती.

वहिनी फडकं पिळत उभी होती. सावकाश, पुन्हा पुन्हा पिळत होती, त्यात पाणी राहिलं नव्हतं तरी.

लोक जमले. दादा ओरडला, "दांडी कुणी पाडली?" मी म्हटलं, "मी. वर करायची विसरले."

त्याने डाव्या हाताने चिखल उचलून माझ्या तोंडावर फेकला. सगळ्यांनी पाहिलं. वहिनीनेही पाहिलं. मग तिने तेच फडकं मला तोंड पुसायला दिलं.

गाडीत घालून मीच वसईला इस्पितळात नेलं. कॉलेजच्या सुट्ट्यांत, आमच्या गल्लीत, मला गाडी शिकवली ती दादानेच.

२४ जानेवारी, रविवार

हात प्लास्टरमध्ये. डॉक्टर म्हणतात जोडला जाईल, मूठ पूर्वीसारखी आवळेल.

फेऱ्या बंद राहिल्या तर केळी कुजतील, म्हणून शाळेआधी एक फेरी मी मारते. स्टेशनवर पोरं म्हणतात की आमच्या निर्मळ गावची केळी आता बीएस्सी झाली. बर्नार्ड पेट्रोल भरतो. पहिल्या दिवशी बोलला नाही. आता "झालं" एवढं म्हणतो.

वहिनी दादाला चमच्याने भरवते. काल त्याने डाव्या हाताने ताट भिरकावलं. ते तिच्या भुवईवर लागलं. ती बसली, भात वेचला, पुन्हा भरवू लागली.

जुडगं माझ्याकडे आलं आहे. टाकीचं कुलूप काढून मी तळ्यात टाकलं. वहिनी कधी रॉकेल ओतते ते मी बघत नाही. ती आतापासूनच तयारी करते आहे, प्लास्टर निघण्याची. आणि मी, भौतिकशास्त्राची पदवीधर, एवढीच तयारी बघत बसणार?

वसई गावातल्या मुलींच्या शाळेत शिक्षिका हवी आहे. मागे राहायला दोन खोल्या आहेत. मुख्याध्यापिकाबाई भिंतीपलीकडेच राहतात. त्यांना सगळं सांगितलं. पहिल्यांदाच पूर्ण खरं. त्यांनी एवढंच विचारलं, "मुलं किती?"

१३ फेब्रुवारी

परवा प्लास्टर निघणार. दादा आजच बोटं उघडमीट करून पाहत होता.

सकाळी वहिनीला म्हटलं, चल. ती म्हणाली, लोक काय म्हणतील, यांना भरवणार कोण. मी म्हटलं, आई भरवेल. आई चुलीपाशी होती. ती उठली, ओटीवर गेली, खुंटीवरचा पट्टा काढला आणि चुलीत घातला. रबराचा काळा धूर घरभर झाला. मग हँडल गोणपाटात गुंडाळून तिने माझ्या हातात दिलं. "हे इथं ठेवलंस तर तो हीच गाडी काढून तुमच्या मागे येईल. गाडी माझ्या नवऱ्याची होती, ती पण ने," म्हणाली. तू पण चल, असं मी म्हटलं. ती परसात जाऊन तुळशीकडे तोंड करून उभी राहिली.

दादा माडीवर होता. धुराने खोकत खाली आला तोवर गाडी चालू झाली होती. दांडी वहिनीने धरली, हँडल मी मारलं. तो अनवाणी धावत आला आणि प्लास्टरचा हात मागच्या काचेवर आपटला. काच फुटली, प्लास्टरही फुटलं. तुकडे मागे पोरांजवळ बसलेल्या वहिनीच्या मांडीवर पडले. तिने ते वाटेत एकेक करून बाहेर टाकले. 

वसईत शाळेमागच्या केळीजवळ गाडी लावली आणि किल्ली फिरवली. टाकीत वहिनीचं रॉकेल होतंच. धड धड धड, दणका, पुन्हा धड धड. मधूने दार उघडलं, बेबीचा हात धरला आणि दोघं अनोळखी केळीत पळाली, मागे न बघता. वहिनीला आता एकाच कानाने ऐकू येतं, तरी ती अर्धी उठली होती.

मी हाक मारली, "मधू, अरे मीच आहे. गाडी मी आणली." केळीची पानं हलली नाहीत. इंजिन थांबेपर्यंत आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. मग थांबलं. टिक् टिक् सुरू झालं. तेही थांबलं.

बऱ्याच वेळाने मधू पानाआडून डोकावला आणि त्याने विचारलं, "बाबा गेले?"

उद्या टाकी उपसून काढायची, पेट्रोल शुद्ध भरायचं. बर्नार्डकडून.